मधुमेहाची तपासणी तिशीपासून. पण ज्यांना तो विशीतच गाठतो त्यांचे काय?

२० फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२५ या काळात केंद्र सरकारने असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीची विशेष मोहीम राबवली. वय वर्षे ३० आणि त्यापुढील प्रत्येकाचा रक्तदाब, रक्तातील साखर आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुखाचा कर्करोग तपासणे हे तिचे उद्दिष्ट होते. मोहिमेची गरज होतीच. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंडियाब' अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

पण तुमच्या घरात मज्जासंस्थेचा किंवा स्नायूंचा आनुवंशिक आजार असलेली व्यक्ती असेल, तर या मोहिमेतला '३०' हा आकडा तुम्ही जरा थांबून वाचायला हवा. यातील काही आजारांत मधुमेह हा आजाराचाच एक भाग असतो. तो पोट सुटलेल्या पन्नाशीच्या माणसाला होतो तसा हळूहळू होत नाही. तो सडपातळ शरीराच्या, चालताना तोल जाणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलालाही होतो. आणि कधी कधी त्याचे निदान थेट अतिदक्षता विभागात होते.

या लेखात आपण तीन गोष्टी पाहू: हा धोका नेमका कोणाला असतो, सध्याच्या तपासणी व्यवस्थेतून अशी माणसे का निसटतात, आणि व्यवस्था बदलण्याची वाट न पाहता तुम्ही काय करू शकता.

धोका कोणाला?

पहिली गोष्ट म्हणजे प्रत्येक आनुवंशिक मज्जाविकारात मधुमेहाचा धोका वाढत नाही. म्हणून आजाराचे नेमके नाव माहीत असणे महत्त्वाचे आहे. खालील आजारांत हा संबंध पक्का आहे.

फ्रीडरिख अटॅक्सिया: जर्मन डॉक्टर निकोलाउस फ्रीडरिख यांनी १८६३ मध्ये याचे वर्णन केले आणि १९९६ मध्ये त्यामागचे जनुक सापडले. साधारण ५ ते १५ वर्षांच्या दरम्यान तोल जाणे, बोलणे जड होणे, पाठीचा कणा वाकणे ही लक्षणे सुरू होतात. 'फ्रॅटॅक्सिन' नावाचे प्रथिन कमी पडल्यामुळे पेशींची ऊर्जाकेंद्रे, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, नीट काम करत नाहीत. स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींना रक्तातील साखरेचा अंदाज याच ऊर्जाकेंद्रांमुळे येतो. त्या दमल्या की इन्सुलिन कमी पडते. वेगवेगळ्या अभ्यासांत या रुग्णांपैकी साधारण ८ ते ३२ टक्के जणांना मधुमेह आढळला आहे.

मायोटॉनिक डिस्ट्रॉफी (प्रकार १): मूठ आवळल्यावर चटकन न उघडणे, चेहऱ्याचे व हातापायांचे स्नायू कमजोर होणे, कमी वयात मोतीबिंदू आणि हृदयाच्या ठोक्यांत बिघाड ही याची ओळख. यात इन्सुलिन तयार होते, पण स्नायूंवरचे इन्सुलिन ओळखणारे ग्राहक चुकीच्या प्रकारचे बनतात. कुलूपच बदलले तर किल्ली असून उपयोग नाही, तसे.

मायटोकॉन्ड्रियाचे आजार: यातील अनेक आजार आईकडून मुलांकडे येतात. यातील ३२४३ क्रमांकाचा जनुकीय बदल सर्वांत परिचित आहे. एकाच कुटुंबात कोणाला मधुमेह आणि बहिरेपण, कोणाला फिट्स आणि लहान वयात पक्षाघातासारखे झटके, तर कोणाला फक्त थकवा, असे चित्र दिसते. आई, मावशी, आजी यांना 'साखर' असल्याने तो 'घरातला साधा मधुमेह' समजला जातो.

वोल्फ्राम सिंड्रोम: इथे क्रम उलटा आहे. साधारण सहाव्या वर्षी मधुमेह येतो आणि पुढे अकराव्या वर्षाच्या आसपास डोळ्यांची नस सुकून नजर कमी होते. त्यामुळे प्रश्न मधुमेह शोधण्याचा नसून, टाइप १ मधुमेह समजून इन्सुलिन घेणाऱ्या मुलाची नजर का कमी होते आहे, हे वेळेत विचारण्याचा आहे.

अटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया: लहानपणी तोल जाणे, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाल रक्तवाहिन्या दिसणे आणि वारंवार संसर्ग. किशोरवयापासून इन्सुलिनला प्रतिरोध वाढतो. उपाशीपोटीची साखर बरेचदा सामान्य येते, जेवणानंतरची वाढते.

ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी: इथे साखर वाढते ती प्रामुख्याने औषधामुळे. चालण्याची क्षमता टिकवण्यासाठी मुलांना वर्षानुवर्षे स्टेरॉइड द्यावे लागते. ते बंद करणे हा उपाय नाही. साखरेवर लक्ष ठेवणे हा आहे.

याउलट शार्को-मारी-टूथसारख्या आजारात मधुमेह आजारामुळे होत नाही. पण असा रुग्ण पुढे साध्या मधुमेहाला बळी पडला, तर आधीच कमजोर असलेल्या नसांवर दुहेरी मार बसतो. म्हणजे तपासणीचे कारण वेगळे, पण गरज आहेच.

महाराष्ट्रापुरते एक सांगायला हवे. फ्रीडरिख अटॅक्सिया, वोल्फ्राम आणि अटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया या तिन्हींत आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक यावे लागते. आपल्याकडे अनेक समाजांत मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्न होते. अशा नात्यांत दोघांकडे तेच सदोष जनुक असण्याची शक्यता वाढते. एका मुलाचे निदान झाले, तर भावंडांनाही तोच आजार असण्याची शक्यता प्रत्येकी २५ टक्के असते. त्यामुळे 'आमच्या घरात कोणालाच नाही' हा दिलासा या आजारांत कामाचा नाही.

सध्याच्या व्यवस्थेतून ही माणसे का निसटतात?

गावपातळीवर आशाताई 'सीबॅक' नावाचा फॉर्म भरतात. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम आणि घरातला रक्तदाब-मधुमेह-हृदयविकार यांवर गुण दिले जातात. चारपेक्षा जास्त गुण असलेल्यांना तपासणीत प्राधान्य मिळते. आता फ्रीडरिख अटॅक्सिया असलेल्या १९ वर्षांच्या सडपातळ मुलाचा फॉर्म भरून पाहा. वयाचे गुण शून्य, कमरेचे शून्य, तंबाखूचे शून्य, कुटुंबाचे शून्य. व्यायाम करता येत नाही म्हणून जेमतेम एक गुण. मुळात तो तिशीच्या आत असल्याने त्याचा फॉर्म भरलाच जाणार नाही.

ही आशाताईंची चूक नाही आणि फॉर्मचीही नाही. तो फॉर्म कोट्यवधी लोकांच्या नेहमीच्या मधुमेहासाठी बनवला आहे आणि त्यासाठी तो योग्य आहे. पण जिथे मधुमेहाचे कारणच वेगळे आहे, तिथे ही चाळणी चालत नाही.

दुसरे कारण दवाखान्यात आहे. या रुग्णांत मधुमेहाची लक्षणे मूळ आजारात लपून जातात. थकवा आला? तो तर आहेच. वजन उतरले? स्नायू झडतात म्हणून असेल. पायांना मुंग्या, बधिरपणा? नसांचा आजार आहे. नजर अंधूक? डोळ्यांच्या नसेवर परिणाम झाला असेल. वारंवार लघवी? मूत्राशयावरचा ताबा कमी झाला असेल. प्रत्येक लक्षणाला आधीच एक उत्तर तयार असते, म्हणून नवा प्रश्न विचारलाच जात नाही. त्यातच चाकाच्या खुर्चीवर असलेली अनेक माणसे सारखे उठून संडास-बाथरूमला जावे लागू नये म्हणून पाणीच कमी पितात. साखर वाढलेली असताना पाणी कमी पिणे म्हणजे शरीर झपाट्याने कोरडे पडणे.

तिसरे कारण कामाच्या वाटणीचे. न्यूरोलॉजिस्ट नसा आणि स्नायू पाहतात, हृदयरोगतज्ज्ञ हृदय पाहतात, फॅमिली डॉक्टर 'मोठे डॉक्टर बघताहेत' म्हणून थांबतात. साखर कोणाच्याच वाट्याला येत नाही.

याची किंमत मोठी आहे. फ्रीडरिख अटॅक्सियात मधुमेह काही वेळा एकाएकी उफाळतो. रुग्ण पहिल्यांदा 'डायबेटिक कीटोॲसिडोसिस' होऊनच रुग्णालयात पोहोचतो. यात इन्सुलिनअभावी शरीर चरबी जाळू लागते आणि रक्त आम्लधर्मी होते. ज्याचे हृदय या आजाराने आधीच जाड आणि कमजोर झाले आहे, त्याला हा धक्का पेलत नाही. असे मृत्यू वैद्यकीय साहित्यात नोंदवलेले आहेत. आणि ते टाळण्यासाठी लागणारी तपासणी काही शे रुपयांत होते.

महागडे औषध आणि स्वस्त तपासणी

फ्रीडरिख अटॅक्सियाच्या कुटुंबांमध्ये गेल्या काही वर्षांत सर्वाधिक चर्चा झाली ती ओमॅव्हेलोक्सोलोन या औषधाची. २८ फेब्रुवारी २०२३ रोजी अमेरिकेच्या औषध नियामकाने १६ वर्षांवरील रुग्णांसाठी त्याला मान्यता दिली. युरोपात २०२४ मध्ये मान्यता मिळाली. या आजारासाठी मान्यता मिळालेले ते पहिलेच औषध. ते आजार बरा करत नाही, त्याची गती कमी करते. अमेरिकेत त्याची जाहीर किंमत वर्षाला सुमारे ३ लाख ७० हजार डॉलर, म्हणजे तीन कोटी रुपयांच्या आसपास ठेवली गेली.

आपल्याकडे २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात निवडक आजारांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. मुंबईचे केईएम रुग्णालय या धोरणाखालील उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीसारख्या आजारांच्या महागड्या औषधांसाठी पालकांचा लढा चालू आहे, आणि तो योग्यच आहे.

पण एक विसंगती डोळ्याआड होऊ नये. आपण औषधाची वाट पाहतो त्या काळात रुग्ण धडधाकट राहायला हवा. हृदयाचा इको, कण्याची तपासणी, साखर, गिळण्याची क्षमता या साध्या, ठरलेल्या तपासण्या वेळेवर होणे हाच आजच्या घडीला बहुतेक कुटुंबांच्या आवाक्यातला उपचार आहे. कोट्यवधींच्या औषधासाठी धोरण लागते. उपाशीपोटी साखर मोजायला एक चिठ्ठी पुरते.

तपासणी कोणती आणि किती वेळा?

फ्रीडरिख अटॅक्सिया आणि मायोटॉनिक डिस्ट्रॉफी या दोन्हींसाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना आहेत. दोन्हींचा सूर एकच आहे: निदान झाल्यावर एकदा आणि त्यानंतर दरवर्षी उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी तपासा. ३२४३ हा बदल असलेल्यांनी आणि त्यांच्या आईकडच्या नात्यातील, हा बदल आढळलेल्या व्यक्तींनीही वर्षातून एकदा तपासणी करावी. स्टेरॉइड घेणाऱ्या मुलांत औषध सुरू करण्याआधी आणि नंतर ठरावीक काळाने साखर पाहावी; त्यात जेवणानंतरची साखर आधी वाढते, हे लक्षात ठेवावे.

निकाल असे वाचा:

- उपाशीपोटी साखर १२६ मिलिग्रॅम किंवा जास्त, एचबीए१सी ६.५ टक्के किंवा जास्त, अथवा ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा जास्त: मधुमेह. लक्षणे नसतील तर तपासणी पुन्हा करून खात्री करतात.
- उपाशीपोटी १०० ते १२५, किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४: उंबरठा. या आजारांत इथे 'पुढच्या वर्षी बघू' म्हणू नका. ग्लुकोज पिऊन केली जाणारी तपासणी करून घ्या. ती लवकरचा बिघाड अधिक चांगला पकडते.

फक्त एचबीए१सीवर विसंबू नका. लोहाची कमतरता असेल तर तो खोटा वाढलेला दिसू शकतो. सिकलसेल असेल तर तो भरवशाचा राहत नाही, आणि विदर्भ व नंदुरबारच्या आदिवासी भागांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. म्हणून प्रत्यक्ष साखर आणि एचबीए१सी दोन्ही करावे.

मूत्रपिंडाच्या तपासणीतही अशीच एक फसगत आहे. क्रिएटिनिन स्नायूंपासून तयार होते. स्नायू झडलेल्या माणसाचे क्रिएटिनिन मूत्रपिंड बिघडलेले असतानाही 'नॉर्मल' येऊ शकते. मधुमेह झालाच असेल तर डॉक्टरांना लघवीतील अल्ब्युमिन आणि सिस्टॅटिन-सी या तपासण्यांबद्दल विचारा.

मधुमेह निघालाच तर: आजाराचे नाव औषध ठरवते

इथे नेहमीची चिठ्ठी चालेलच असे नाही. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे सर्वाधिक वापरले जाणारे औषध. पण ते मायटोकॉन्ड्रियाच्या कामात अडथळा आणते. ३२४३ च्या आजारात त्यामुळे रक्तात लॅक्टिक आम्ल वाढण्याची भीती असते, म्हणून ते टाळतात. फ्रीडरिख अटॅक्सियातही ते पहिली निवड मानत नाहीत. मायोटॉनिक डिस्ट्रॉफीत मात्र ते सहसा चालते. हृदय कमजोर असेल तर पायोग्लिटाझोन नको. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या 'ग्लिफ्लोझिन' गटातील गोळ्यांनी इन्सुलिन कमी असलेल्यांत कीटोॲसिडोसिसचा धोका वाढतो. वजन उतरवणारी जी नवी इंजेक्शने २०२५ मध्ये भारतीय बाजारात आली, ती चरबीबरोबर स्नायूही कमी करू शकतात. ज्याचे स्नायू आधीच झडत आहेत त्याच्यासाठी ही गोष्ट किरकोळ नाही. फ्रीडरिख अटॅक्सियात अनेकांना लवकरच इन्सुलिन लागते. ती हार नव्हे. शरीरात जे कमी आहे तेच देणे आहे.

हे वाचून चालू असलेले औषध स्वतःहून बंद करू नका. यादी घेऊन डॉक्टरांकडे जा.

'उगाच सुया कशाला?' हा प्रश्न रास्त आहे

काही पालक विचारतात: एवढे भोगतोय तो, त्यात आणखी एक आजार शोधायचा कशाला? काही डॉक्टरही विचारतात: दरवर्षी तपासल्याने जीव वाचतात असा पुरावा आहे का? प्रामाणिक उत्तर असे की वरच्या शिफारशी मोठ्या चाचण्यांवर नव्हे, तज्ज्ञांच्या एकमतावर आधारलेल्या आहेत. दुर्मीळ आजारांत हजारो रुग्णांच्या चाचण्या करणे शक्यच नसते.

पण दोन्ही पारडी पाहा. एका बाजूला वर्षातून एकदा रक्त देणे. दुसऱ्या बाजूला चुकलेले निदान आणि अतिदक्षता विभाग. शिवाय हा आणखी एक 'आजार' असला तरी यावर उपचार आहे. तोल परत आणता येत नाही. साखर आणता येते. साखर आटोक्यात आली की थकवा, जंतुसंसर्ग आणि वजनातली घट यांतला काही भाग कमी होतो. रुग्णाला हा फरक रोजच्या जगण्यात जाणवतो.

व्यवस्थेत काय बदलता येईल?

यासाठी नवी योजना नको. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये मस्क्युलर डिस्ट्रॉफी आणि दीर्घकालीन मज्जाविकार या श्रेणी आहेत, आणि अशा व्यक्तींना यूडीआयडी कार्ड मिळते. असे कार्ड किंवा आनुवंशिक निदानाचा कागद असेल, तर आरोग्य मंदिरात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात वयाची अट न लावता साखर तपासावी, एवढी एक ओळ मार्गदर्शक सूचनांत घालता येईल. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र देतानाच 'दरवर्षी साखर तपासा' असे छापलेले पत्रक देता येईल. आणि जनुकीय अहवालाच्या शेवटी पुढील तपासण्यांची यादी असेल, तर तो कागद कपाटात पडून राहण्याऐवजी उपयोगी पडेल.

तुम्ही या महिन्यात काय कराल?

१. आजाराचे पूर्ण नाव आणि जनुकाचे नाव एका कागदावर लिहा, त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. फॅमिली डॉक्टरांना तोच दाखवा.

२. विचारा: "या आजारात मधुमेह होऊ शकतो असे वाचले आहे. उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी लिहून द्याल का?"

३. तारीख ठरवून टाका. वाढदिवसाचा महिना सोयीचा. दरवर्षी आठवण राहते. इको आणि साखर एकाच फेरीत करा, म्हणजे खुर्ची घेऊन दोनदा जावे लागणार नाही.

४. घरी ग्लुकोमीटर असेल तर तहान, सारखी लघवी, अकारण वजन उतरणे, रात्री अंथरूण ओले होणे यांपैकी काहीही नवे दिसले की त्याच दिवशी मोजा. 'आजारामुळे असेल' असे म्हणण्याआधी मोजा.

५. उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास, तोंडाला फळांसारखा वास, गुंगी: ही तातडीची स्थिती आहे. वाट न पाहता रुग्णालयात जा आणि दारातच सांगा, "साखर आणि कीटोन तपासा, याला अमुक आजार आहे."

तिशीची अट सरकारी मोहिमेला आहे, या आजारांना नाही. तुमच्या घरातील व्यक्तीचे वय १२ असो वा २८, तिचे नाव कोणत्याही यादीत येण्याची वाट पाहू नका. तपासणीची चिठ्ठी पुढच्याच भेटीत मागून घ्या.